नेनोचा शेवटचा बुधला

नेनोने तळघरात वाइनचं किट लावलं मंगळवारी, आणि गुरुवारी सकाळी दाढी करता करता तो न्हाणीघरात कोसळला. रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याच्या बायकोने, एर्सिलियाने, त्याच्या गालावरचा साबण टॉवेलने पुसून काढला, कारण आता लोक येणार होते.

त्याचं खरं नाव नाझारेनो, पण कॅनडातल्या थंडर बे गावच्या इटालियन वस्तीत त्याला नेनो सोडून कुणी काही म्हणत नसे. सदतीस वर्षं त्याने कागदाच्या गिरणीत काढली. सोमवारी त्याला पोचवायला गिरणीतली, चर्चमधली, बोच्चे या गोळेफेकीच्या खेळाच्या क्लबातली मिळून दोनशे माणसं आली. एर्सिलिया प्रत्येकाचा हात हातात घेत उभी राहिली. कुणी हुंदका दिला तर तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवी. तिला स्वतःला काहीच होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल आपला वाटेनासा होतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. मुलगी ओर्नेला विनिपेगहून आली होती. तिने दोनदा विचारलं, आई, तू ठीक आहेस ना. एर्सिलिया म्हणाली, पाय दुखताहेत.

नेनोचा धाकटा भाऊ दुइलिओ सगळ्यात मागच्या बाकावर बसला होता. माती देऊन झाली तसा तो कुणाशी न बोलता निघून गेला. दोघा भावांत सात वर्षं बोलणं नव्हतं, आणि तेही वाइनवरून.

पूर्वी दर ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाची द्राक्षं आली की दोघे भाऊ मिळून चाळीस पेट्या घेत, दुइलिओच्या गॅरेजात चिरडत आणि पिंपात भरत. मग एका वर्षी नेनो गेलाच नाही. कंबर धरली आहे असं त्याने कळवलं, आणि घरात दुकानातला खोका आला. त्यात आटवलेल्या रसाची पिशवी, यीस्टची पुडी, ओकच्या लाकडाच्या ढलप्या आणि सूचनांचा कागद. खोक्यावर छापलेलं, ‘इटालियन पद्धतीची लाल वाइन’. दुइलिओला हे कळलं तेव्हा त्याने क्लबात चारचौघांसमोर सांगितलं, की आमचे थोरले आता साहेब झालेत, द्राक्षांनी हात खराब होतात म्हणून पिशवीतलं पाणी पितात. सगळे हसले. नेनोही हसला, हातातले पत्ते खाली ठेवले आणि घरी आला. त्यानंतर एकाच रस्त्याच्या दोन टोकांना राहून दोघांनी एकमेकांचं दार पाहिलं नाही.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी ओर्नेला परत गेली. एर्सिलिया कपडे धुवायला तळघरात उतरली, तर टेबलावरच्या बादलीच्या झाकणातली नळी बुडबुडत होती. वर खिळ्याला सूचनांचा कागद टांगलेला. प्रत्येक पायरीपुढे नेनोने पेन्सिलीने वार लिहून ठेवले होते. ‘सातवा दिवस, मंगळवार, बुधल्यात काढणे.’

आज मंगळवारच होता. तिने कपडे यंत्रात टाकले, हात धुतले आणि कामाला लागली. रबरी नळीचं एक टोक बादलीत, दुसरं खाली जमिनीवरच्या काचेच्या बुधल्यात. तिने तोंडाने ओढ दिली तशी तुरट, यीस्टाची वाफ घशात गेली. रस उतरायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती स्टुलावर बसून राहिली.

पुढच्या मंगळवारी कागद म्हणत होता, आंबणं थांबवायची पुडी घाला आणि दहा मिनिटं जोराने ढवळा, आतला वायू निघून गेला पाहिजे. तिने घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटं ढवळलं. खांदे भरून आले, पण ते दुखणं जणू शेजारच्या घरातलं होतं. लोक डबे आणत होते, ती ते फ्रिजमध्ये रचत होती आणि तारीख उलटली की फेकत होती. कुणी जेवायला बोलावलं तर जायची, विचारलं तर बोलायची. बाकी दिवस कागदाप्रमाणे.

आणि मग आलं ते अवघड काम. बाटल्या भरण्याआधी दोन दिवस बुधला टेबलावर चढवून ठेवायचा होता, म्हणजे गाळ पुन्हा खाली बसतो. भरलेला बुधला तीस किलोचा. एर्सिलियाने हात घालून पाहिला, तो हललासुद्धा नाही. तिने फोन उचलला आणि दुइलिओला लावला. का त्यालाच, हा विचार तिने केला नाही. नंबर पाठ होता.

“दुइलिओ, एक बुधला उचलायचाय.”

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. मग तो म्हणाला, “येतो, वहिनी.”

तो आला, बूट दारात काढले, तळघरात उतरला. बुधल्यासमोर उभा राहून त्याने तो डोळ्यांनी जोखला. त्याने वयाची एकाहत्तर वर्षं ओलांडली होती.

“हीच का ती पिशवीतली?”

“हीच.”

“रंग तर आहे,” तो नाइलाजाने म्हणाला. मग दोघांनी दोन बाजूंनी हात घातले, गुडघ्यात वाकले आणि बुधला टेबलावर चढवला. दुइलिओ धापा टाकत भिंतीला टेकला. “नेनो हा एकटा कसा चढवायचा? कंबर धरलेली असताना?”

“एकटा नाही. मी असायचे.” एर्सिलिया बुधल्याचं तोंड पुसत होती. “आणि कंबरेला त्याच्या काही झालं नव्हतं. हृदय होतं.”

“म्हणजे?”

“डॉक्टरांनी सात वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. जड उचलायचं नाही. खोका मी आणला दुकानातून. त्याला नको होता.”

दुइलिओने तिच्याकडे पाहिलं. “मला का नाही सांगितलं?”

“त्याने मला शपथ घातली होती. म्हणाला, दुइलिओला कळलं तर तो मला खुर्चीसुद्धा उचलू देणार नाही, म्हाताऱ्यासारखं कोपऱ्यात बसवून ठेवेल. त्यापेक्षा साहेब म्हटलेलं बरं.”

दुइलिओ नळाकडे गेला आणि हात धुऊ लागला. हात स्वच्छच होते. पाणी वाहत राहिलं. पाठमोराच तो म्हणाला, “तू तरी सांगायचंस, वहिनी. सात वर्षं.”

“हो,” ती म्हणाली.

त्याचे खांदे हलत होते. एर्सिलियाला ते दिसत होतं, याच्याजवळ जाऊन काही बोलावं हेही कळत होतं. पण तिची नजर बुधल्यावर चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर होती. एकोणीस. कागदात वीसच्या खाली नको म्हटलं होतं. हीटर जवळ आणावा लागेल, एवढंच तिच्या मनात आलं. दुइलिओ कॉफी न घेता गेला.

वाइन तीस बाटल्या भरली. नाताळसाठी आलेली ओर्नेला बुचं ठोकायला मदतीला होती. काम करता करता ती म्हणाली, “आई, तू अजून रडली नाहीयेस.” एर्सिलियाने तिला बूच सरळ धरायला सांगितलं. बाटल्या फळीवर आडव्या निजवल्या. वर्षभर हात लावू नका, चव बसायला तेवढा वेळ लागतो, असं कागदाच्या शेवटी होतं, आणि त्याच्यापुढे नेनोने वार लिहिला नव्हता.

मे महिन्यात बर्फ गेल्यावर दुइलिओ दारात उभा राहिला, हातात रानातल्या कडू भाजीची पिशवी. “जास्त निघाली,” म्हणाला. तिने ती लसणावर परतली आणि दोघांनी पावाशी खाल्ली. नंतर तो दर रविवारी प्रार्थना संपली की यायचा. नेनोबद्दल तो बोलायचा, लहानपणचं, इटलीहून येतानाच्या बोटीवरचं, गिरणीतलं, ती ऐकायची. एकदा त्याने एखादी बाटली फोडून बघू म्हटलं. ती म्हणाली, वर्ष व्हायचंय. त्याने पुन्हा विचारलं नाही. त्या शरदात दुइलिओने द्राक्षं घेतली नाहीत. एकट्याने चिरडायला मजा नाही, म्हणाला.

डिसेंबरातल्या एका रविवारी तिने पहिली बाटली वर आणली. जेवणाला पास्ता आणि सॉसेज होतं. दुइलिओने ग्लास उजेडात धरला, हुंगला, एक घोट तोंडात घोळवला.

“पातळ आहे,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “पण खोटी नाही.” आणि आणखी ओतून घेतली. “तू घे की.”

“मला लाल वाइन आवडत नाही.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. कुणी विचारलं नव्हतं.”

दुइलिओला हसू आवरेना. तो खोकत हसला, आणि एर्सिलियाला अचानक राग आला. त्याचा नव्हे. गालाला गरम लागलं, आणि तिने काटा ताटात टाकला.

“त्याने मला शपथ घालायला नको होती,” ती म्हणाली. “तुमच्या दोघांच्या मध्ये मला उभं केलं आणि स्वतः निघून गेला.”

“नको होती,” दुइलिओ म्हणाला. त्याचं हसणं थांबलं होतं.

राग हळूहळू ओसरला, आणि खाली पुन्हा तोच बधिरपणा होता. पण मधे काहीतरी येऊन गेलं, हे तिला कळलं. दुइलिओने तिच्या ताटात पास्ता वाढला. गार झाला होता. तिने तो संपवला. जाताना तिने त्याला चौदा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या, आणि त्याने त्या एकेक करून, हात न थकवता, गाडीत नेऊन ठेवल्या.