आधी वाट द्या, मग राम राम

मित्रांनो, रुग्णवाहिकेत ड्रायव्हरच्या गुडघ्याशी बरीच वर्षं बसलेला मी एक जुना वायरलेस आहे. काळी लोखंडी पेटी आणि पिळाच्या वायरीला लटकणारा माईक. माईकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एवढंच माझं शहाणपण.

एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी शिरूरला आलो. केंदूर, निमोणे, कवठे येमाई... कुठं बाळंतपण, कुठं अपघात, मी सगळीकडे धावलो. दसऱ्याला आमचे ड्रायव्हर ईश्वरमामा मला पुसून झेंडूचं फूल वाहायचे. मी त्यांचा जोडीदार, असं चारचौघांत सांगायचे.

पण माझी पोच थोडी होती. मी फक्त शिरूरच्या नियंत्रण कक्षातल्या सुलक्षणाताईंशी बोलू शकायचो. पोलिसांचे वायरलेस वेगळे, आगीच्या बंबाचे वेगळे. पुढे रस्ता बंद आहे, हे आम्हाला तिथं जाऊन अडकल्यावरच कळायचं.

म्हणून यंदा नवी यंत्रणा आली. पोलीस, बंब, रुग्णवाहिका, दवाखाना, सगळे एकाच जाळ्यावर. माझ्या डोक्यावर चकचकीत नवा संच बसला. नवं अंगवळणी पडेपर्यंत जुनंही चालू राहू द्या, असं सुलक्षणाताईंनी सांगितलं, म्हणून मी राहिलो. पण मला कुणी पुसेना. वाईट वाटायचंच.

आपल्याकडे माणूस भेटला की आधी राम राम, मग पाऊसपाणी, मग जेवण झालं का, आणि मग काम. नव्या जाळ्यावर पहिल्याच दिवशी तेच सुरू झालं. खरं तर तिथं एक जण बोलत असला की बाकीच्यांना थांबावं लागतं. शिकवलं होतं सगळ्यांना. पण इतक्या दिवसांनी गाठ पडल्यावर ते कुणाच्या ध्यानात राहतंय?

त्याच सकाळी निमोण्यात अनुपमाताईंच्या चिमुकल्या समृद्धीला शेवंतीच्या वाफ्यात साप चावला. तिला घेऊन आम्ही शिरूरकडे निघालो. अनुपमाताईंनी लेकीचा पाय जराही हलू दिला नाही. विष चढलं की पापण्या मिटू लागतात, म्हणून त्या सारख्या तिच्या पापण्यांकडे बघत होत्या. पापण्या जड होताहेत की आपल्यालाच तसं वाटतंय, हे त्यांना कळेना.

आणि पुढे गाड्यांची रांग. मामांनी नव्या संचाचं बटण दाबलं. नुसता पीं आवाज आला. हवालदार हौसराव आणि दौंडच्या बंबावरचे बबनराव यांच्या गप्पा रंगल्या होत्या.

"काय पाव्हणं, दौंडची वाट इसरला व्हय?"

"येतो की. पण कोंबडं कापणार असला तरच."

मामांनी पुन्हा दाबलं. पुन्हा पीं. तेव्हा त्यांचा हात माझ्याकडे आला.

"सुलक्षणाताई, साप चावलेलं लेकरू हाय गाडीत. रस्ता तुंबलाय. वरचा संच मोकळा करा."

नियंत्रण कक्षाला मधेच बोलता येतं. ताईंचा आवाज सगळीकडे गेला, "सगळ्यांनी बटणं सोडा. आधी निमोण्याची गाडी बोलेल."

सारं जाळं गप्प झालं. मामांनी दोन वाक्यांत सांगितलं. हौसरावांचा आवाज पार बदलला.

"मामा, म्होरं उसाची ट्रॉली उलटलीय, मी तिथंच हाय. डावीकडं कालव्याच्या रस्त्यानं वळा. मी पुढं पळून वाट करतो."

लगेच बबनराव म्हणाले, "थांबा, मी बंब घेऊन त्याच रस्त्यानं येतोय. समोरासमोर अडकू. मी हितंच शेतात घालतो गाडी."

दवाखान्यानंही हे ऐकलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर औषध घेऊन दारातच उभे होते. संध्याकाळी समृद्धीनं भात मागितला. मग कुठं अनुपमाताई रडल्या.

मित्रांनो, माझा रुसवा त्या दिवशीच गेला. माझ्याकडून एक हाक तेवढी पोचली. पण पोलीस, बंब आणि दवाखाना एका दमात हलवणं मला जन्मात जमलं नसतं. ते नव्या संचानं केलं. दोघा पाव्हण्यांची चूक कुणी उगाळली नाही. मात्र आता जाळ्यावर कामाचं बोलणं आधी होतं, आणि राम राम समोर भेटल्यावर.

मी हल्ली प्रशिक्षणाच्या खोलीत असतो. नवी मुलं-मुली माझ्यावर बोटांना सवय लावतात. त्यांना आणि तुम्हालाही माझं एकच सांगणं आहे. यंत्र नवं असो वा जुनं, त्याची धूळ पुसा, बॅटरी भरलेली ठेवा आणि बोलून झालं की बटण सोडा. आपण गप्प झालो, तरच दुसऱ्याच्या लेकरासाठी आलेली हाक ऐकू येते.