बाभळीच्या काट्यावरचं गाणं

राजा गलबतात बसला.

"चंद्रे, दूध उतू गेलं!"

हरवलेली एक अंगठी.

म्हशीनं दावं तोडलं.

तबला थांबतो. कोणीतरी खोकतं.

"पावण्यास्नी पानी दे गं."

नदीकाठी राणी, एकटी.

चंद्राबाईला गोष्ट एवढीच ठाऊक होती. तिचा नवरा कृष्णात फौजेतून रजेवर येताना सांगलीहून चावीचा बाजा, म्हणजे ग्रामोफोन, आणि एका संगीत नाटकाच्या तबकड्यांचा संच घेऊन आला, त्याला पंधरवडा झाला होता. रोज बाजा वाजे. कराडजवळचं ते निम्मं गाव सोप्यात येऊन बसे आणि बाजापेक्षा मोठ्यानं बोले. उसाचं पाणी, कुणाची सोयरीक, जर्मनाचं काय झालं. सासरे लालासाहेब मधूनच ओरडत, "आरं, परत लाव रं ते, म्या हिकडं बोलत हुतो!" चंद्राबाई माजघराच्या दाराआड. तिथून चुलीकडं, गोठ्याकडं, परत दाराकडं. ती येईतोवर राजा कुठल्या कुठं गेलेला असे.

उद्या कृष्णातची रजा संपणार होती. त्याआधी एकदा, एकदाच, तिला सगळं सलग ऐकायचं होतं. त्याच्या शेजारी बसून. पण सासूसासऱ्यांसमोर नवऱ्याशेजारी बसणारी सून त्या गावात अजून कुणी पाहिली नव्हती.

आणि दुपारी बाजाच्या पिना संपल्या.

कराडात मिळेनात. लढाईपायी पोलाद सगळं तिकडंच चाललेलं.

"बाभळीचा काटा चालतो," कृष्णात म्हणाला. "आमच्या पलटणीत लावत्यात. पर तबकडीच्या दर बाजूला टोक नव्यानं कापाय लागतं."

चंद्राबाईनं लगोलग काटा आणला. ओला. राजा गलबतात चढता चढता दबत गेला, घरघरला, गप्प झाला. टोक मऊ पडलं होतं.

"राजाला झोप लागली रं!" सोप्यातून कुणी ओरडलं, आणि सगळे हसले.

मग तिनं कुंपणातले जुने, वाळून कडक झालेले काटे पदरात भरून आणले आणि सासूपुढं हात केला. "आत्याबाई, अडकित्ता द्या."

"आन म्या सुपारी कशानं कातरू? तुज्या दातानं?" बनुबाई म्हणाली. पण दिला.

काटा तिरपा कापायचा, प्रत्येक बाजूला नवा. म्हणजे कापणारीनं बाजापाशीच बसायला हवं. हे कुणी ठरवलं नाही. ती बसली. तो चावी देणार, ती काटा देणार. दोघांच्या गुडघ्यांमध्ये एक बाजा, बस्स.

काट्यावर आवाज बारीक निघाला. अगदी बारीक.

"ही बाई तोंडात पदर धरून गाती का काय?" लालासाहेब उठले. "चला रं पारावर. हितं बोलाय बी ईना आन ऐकाय बी."

त्यांच्यामागं सोपा रिकामा झाला. राहिली बनुबाई, अडकित्त्याविना.

काटा. बाजू. काटा. बाजू.

राजा गेला. या वेळी तो जाताना तिनं ऐकला. अंगठी हरवली नव्हती, त्यानं दिली होती. खोकणारा खोकत नव्हता. तो राजाच होता, रडू गिळत होता. आणि राणी गाण्याआधी श्वास घ्यायची. प्रत्येक ओळीआधी, लहानसा, गार पाण्यात पाय घालताना घेतात तसा. एकदा तो कानाला सापडला आणि मग चंद्राबाईला तोच ऐकू यायला लागला. राणीचा. मग शेजारी, सावकाश, कृष्णातचा.

"चंद्रे, च्या टाक!" पारावरून लालासाहेब.

तिचं अंग आपोआप उठायला निघालं. बनुबाईनं तिच्या खांद्यावर हात टेकला, तिला खाली बसवत स्वतः उठली. "म्हातारी मेली न्हाई अजून," असं पुटपुटत चुलीकडं गेली. भांडंसुद्धा वाजवलं नाही तिनं.

सहावी, शेवटची तबकडी. दुसरी बाजू. राणी नदीकाठी. गलबत दिसत नाही. ती गाते. थांबते. खर्र, खर्र.

कृष्णातनं तबकडीवरची दांडी उचलली. "संपलं."

"न्हाई."

"आगं, संपलं की."

"मग तिनं श्वास कशापायी घेतला? आवं, अगदी शेवटाला घेतलाय. गायची हाय ती अजून."

कृष्णात थांबलेल्या तबकडीकडं बघत राहिला. तोंडावर हसू आलं, गेलं. "लय कान हाय तुजा," तो म्हणाला.

"घेतलाय तर गाईल. कवा का हुईना." तिनं पदरातला एक काटा उचलला, तिरपा कापला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "पयल्यापासनं लावा."

सांगलीच्या दुकानात त्या संचाची सातवी तबकडी फुटलेली होती, म्हणूनच तो कृष्णातला शिपायाच्या पगारात परवडला होता.