वहिनीने सरळ केलेल्या रेघा

माझ्या भावाला दवाखान्याच्या वासाने चक्कर येते. त्यामुळे कॅन्सर वहिनीला झाला आणि दवाखाना माझ्या वाट्याला आला.

या सरकारी दवाखान्यात रेडिएशन तळघरात देतात. मशीन इतकं जुनं की बाकावरच्या बायका त्याला 'आजोबा' म्हणतात. सकाळी आल्याआल्या पहिली चौकशी आजोबांच्या तब्येतीची होते. पेशंटच्या तब्येतीला कोणी विचारत नाही. आजोबा बरे असले तर आमचा दिवस बरा.

किरण नेमके कुठे द्यायचे ते कळावं म्हणून टेक्निशियन अंगावर जांभळ्या शाईने रेघा काढतो. त्या जपायच्या. साबण लावायचा नाही, चोळायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. तळघरातला पंखा बंद आहे, ती गोष्ट वेगळी. रेघा पुसट झाल्या तर लगेच सांगायचं, अशी सक्त ताकीद. वहिनीच्या पुसट झाल्या, तिने लगेच सांगितलं. खिडकीवरच्या बाईने सिस्टरकडे पाठवलं, सिस्टरने टेक्निशियनकडे. टेक्निशियन म्हणाला, "पेन संपलंय. वर मागणी केली आहे. तोवर जपा." वर म्हणजे नक्की कुठे, हे विचारायची इथे पद्धत नाही.

आता माझी वहिनी पडली लेडीज टेलर. पुसट खूण दिसली की तिचे हात शिवशिवतात. कापडावर खुणा करायचा मार्कर तिच्या पर्समध्ये कायम असतो. कपडे बदलायच्या खोलीत आरशासमोर उभी राहून तिने स्वतःच्या रेघा गिरवल्या. ते मास्तरीणबाईंनी पाहिलं. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच यायच्या. "माझ्याही गिरव गं," म्हणाल्या. मग काय, वहिनीचं दुकानच सुरू झालं. सगळा बाक रांगेने आत जाऊन ठसठशीत होऊन बाहेर यायला लागला. नाड्या तुटलेले गाऊनही तिने शिवून दिले. मी तर कौतुकाने फुगले होते. टेक्निशियनलाही रेघा आयत्या मिळाल्या. त्याने कधी मापून पाहिलं नाही.

आठवडा सरला, तो रजेवर गेला आणि त्याच्या जागी एक नवीन मुलगी आली. नवीन असल्यामुळे ती मोजपट्टी वापरत होती. वहिनीला टेबलावर झोपवून तिने मापलं, कागद पाहिला, पुन्हा मापलं. मग दार उघडून मलाच आत बोलावलं.

"या रेघा कोणी काढल्या?"

"मी," वहिनी पडल्यापडल्याच म्हणाली. "तुमच्या त्या वाकड्या होत्या हो. दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. मी सरळ करून घेतल्या."

ती मुलगी स्टुलावर बसलीच. "काकू, गाठ होती तिथे रेघ होती. ती वाकडीच हवी होती."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, स्वतःसाठी. पण ती दाराकडे, बाहेरच्या बाकाकडे बघत होती.

डॉक्टर आले, त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांचा ताफा आला. "पुसट झाल्या तर सांगायचं नाही का?" ते ओरडले. खिडकी आणि सिस्टर, दोघींनी कानावर हात ठेवले. पेन मात्र लगेच सापडलं. डॉक्टरांच्याच खिशात होतं.

डॉक्टर थोडे निवळले. "स्कॅन करून मापं पुन्हा घ्यावी लागतील. त्याची रांग महिनाभराची आहे. पण आज एक पेशंट आला नाही, तेवढी एक जागा आहे. यांना घ्या." मी मनातल्या मनात हात जोडले. मग त्यांनी विचारलं, "आणखी कोणाच्या गिरवल्यात का?"

वहिनी टेबलावरून उतरली होती, आम्ही दारातच उभ्या होतो, बाक समोर होता. सगळ्याजणी फरशी बघायला लागल्या. मास्तरीणबाईंनी वहिनीचा हात धरला. "माझं नाव घेऊ नकोस," त्या पुटपुटल्या. "परत महिनाभर थांबायची ताकद नाही गं माझ्यात." मी वहिनीच्या पायावर पाय दिला. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी बाकावरच्या कोणाचीही फिकीर नव्हती. माझी वहिनी वाचावी, एवढंच मला हवं होतं.

"सगळ्यांच्या," वहिनी म्हणाली. "माझा हात मी ओळखते. दाखवते तुम्हाला." आणि गाऊन बाजूला करत, एकेकीपुढे उभी राहून तिने दाखवलं, कुठली किती सरकवली ते. "यांची सगळ्यात जास्त. चांगली दोन बोटं."

दोन बोटं म्हटल्यावर आजची जागा मास्तरीणबाईंची झाली. बाकीच्या बाकासकट वहिनीचं नाव महिनाभराच्या रांगेत गेलं. बाकावरून तिला जे ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. एक बाई तर नुसतीच रडत राहिली, ते जास्त वाईट होतं.

दुपारपर्यंत भिंतीवर सूचना लागली: रुग्णांनी स्वतःच्या अथवा इतरांच्या अंगावर रेषा काढू नयेत. खाली सही आणि जांभळा, ठळक शिक्का. शिक्क्यापुरती शाई होती.

"काय गरज होती गं?" मी वहिनीवर चिडले. "तुझं तू बघायचं होतंस."

"बघितलं ना," ती म्हणाली. "रात्री झोप लागायला हवी की नको, वन्सं?"

तेवढ्यात स्कॅनसाठी मास्तरीणबाईंना हाक आली. आत जाताना सगळं काढून ठेवा, असं सिस्टरने बजावलं. बाईंनी पर्समध्ये चष्मा टाकला, पाठमोऱ्या होऊन कवळी काढली, रुमालात गुंडाळली. मग हे कोणाकडे द्यावं म्हणून बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. आणि येऊन सगळं वहिनीच्या मांडीवर ठेवलं. तिच्याकडे पाहिलं मात्र नाही. वहिनीने तो रुमाल दोन्ही हातांत धरला आणि त्या बाहेर येईपर्यंत जागची हलली नाही.