सोल्युशनचा वास

बुटांच्या त्या कारखान्यात सोल चिकटवायच्या खोलीत नवं माणूस आलं की पहिल्या दिवशी चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने त्याचं डोकं भणभणायचं. आठवड्याभरात नाक मरायचं, मग काही वाटायचं नाही. वहिनींचं नाक मात्र तेरा वर्षांत मेलं नाही. नवरा गेल्यावर कारखाना धाकट्या दिराकडे आला आणि ही खोली त्यांच्याकडे. तिथे अकरा बायका ब्रशने सोल्युशन लावायच्या.

बंद पेटीतल्या पेटीत सोल्युशन लावणारं मशीन वहिनींनी चार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात पाहिलं आणि माहितीपत्रक आणून दिरापुढे ठेवलं. तो म्हणाला, घाई नको, तंत्र रोज बदलतंय, थांबलो तर याहून चांगलं मिळेल. पुढच्या वर्षी ऑर्डरी नव्हत्या म्हणून मशीन नको. त्याच्या पुढच्या वर्षी ऑर्डरी इतक्या, की मशीन बसवायला काम थांबवणं परवडेना. मग एक सल्लागार आला. त्याने वीज, वाया जाणारा माल, रजा, सगळं मांडलं. बायकांचा खोकला रजेच्या रकान्यात गेला. निष्कर्ष असा, की हात स्वस्त आहेत तोवर थांबावं. खातेप्रमुख म्हणून वहिनींनी त्यावर सही केली.

त्याच सुमारास त्या अकराजणींतल्या बारकीच्या हातातून ब्रश निसटायला लागला. बोटं बधिर झाली होती.

मग मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस पाहणीला आला. दारातच त्याने रुमाल नाकाला लावला आणि अर्ध्या मिनिटात मागे फिरला. त्याच दुपारी दिराने मशीनची ऑर्डर दिली.

मशीन आलं त्या दिवशी तो पाहुण्यांना सांगत होता की गुंतवणुकीत सगळा खेळ वेळेचा. मग वहिनींकडे वळला.

"काय वहिनी, वेळ साधली की नाही?"

"साधलीत, भाऊजी. अकरा बायकांच्या फुप्फुसांनी जमलं नाही, ते एका नाकाने जमवलं."

तो हसला. त्याला वाटलं, वहिनी थट्टा करताहेत. पाहुणेही हसले. वहिनी मोरीपाशी जाऊन ओकल्या. तोंडावर पाणी मारताना त्यांना दिराची जेवढी किळस आली, तेवढीच आपल्या सहीचीही.

दुसऱ्या दिवशी कोणाला न विचारता त्या बारकीला दवाखान्यात घेऊन गेल्या. हे काम किती वर्षं केलं, असं डॉक्टरांनी विचारलं. बारकी आठवायला लागली.

"सात," वहिनी म्हणाल्या. "त्यातली शेवटची चार करायची गरज नव्हती."

डॉक्टरांनी नुसतं 'सात' लिहिलं. बोटं थोडीफार सुधारतील, पूर्वीसारखी होणार नाहीत, म्हणाले.

बाहेर बारकीला सँडलचा पट्टा लावता येईना. वहिनी खाली बसल्या आणि त्यांनी तो लावून दिला.