मापाचा खड्डा

मी एक जुना खड्डा आहे. हसू नका, मित्रांनो. खड्ड्याला जगात मान नाही, हे मला ठाऊक आहे. कुणाचं वाटोळं झालं की लोक म्हणतात, 'खड्ड्यात गेला.' कुणाचा राग आला की म्हणतात, 'खड्ड्यात जा.' माझ्या मालकांना असं कुणी म्हटलं, तर ते खुशाल सांगायचे, "तिथेच निघालोय." कारण मी रस्त्यातला खड्डा नव्हे. मोटारीच्या पोटाखाली ताठ उभं राहून काम करता यावं म्हणून एका घरगुती गॅरेजच्या फरशीत मला मुद्दाम बांधलं आहे. विटांच्या भिंती, वर गुळगुळीत प्लास्टर, लांबी दहा फूट, रुंदी अडीच फूट आणि खोली पाच फूट. हे पाच फूट कुठून आले, तीच माझी गोष्ट आहे.

माझे मालक शिंपी. सगळी गल्ली त्यांना टेलरकाका म्हणते. त्यांच्याकडे मामांनी दिलेली एक मोटार होती. फिकट हिरवी, चार दारांची, अंगाने चांगली भरलेली. काका दुकानातून आले की आधी तिच्याकडे जात आणि मग घरात, म्हणून काकू तिला 'सवत' म्हणत. ती अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची. एक दिवस काकांनी ठरवलं, हिला हक्काची खोली बांधायची.

आता शिंप्याने खोली आखायची म्हणजे काय होणार? काकांनी गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं गाडीचं माप घेतलं. लांबी, रुंदी, उंची. चारी बाजूंना दोन-दोन बोटं सैल. मग कापडावर खुणा करायच्या खडूने परसात जमिनीवर रेघा मारल्या. रेघेवर विटा उभ्या केल्या, त्यांच्यावर दोऱ्या ताणल्या आणि गाडी अगदी झोकात त्या आखणीत आणून उभी केली. बसली बरोबर. अंगाला शिवल्यासारखी. फक्त काकांना उतरता येईना. दार उघडलं की विटेला लागत होतं.

काकू चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. "आता तिथेच राहा," त्या म्हणाल्या. "जेवण खिडकीतून देत जाईन."

काकांची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. बुटकी आणि गोल, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

त्या दिवशी काकांनी कानाला खडा लावला. पुढे आठ-दहा दिवस परसात रेघा पुसल्या जात होत्या आणि नव्या मारल्या जात होत्या. चारही दारं सताड उघडून, डिकी वर करून, बॉनेट वर करून माप घेतलं. बटणला बादली देऊन गाडीभोवती फिरायला लावलं आणि तिचा कोपर कुठे लागतो ते पाहिलं. पाणी बाहेर जावं म्हणून फरशीला उतार ठरला. खिडकी उत्तरेला, म्हणजे दिवसभर उजेड येईल आणि ऊन डोळ्यांत जाणार नाही. शेजारी कुंपणाजवळ येऊन विचारत, "काय टेलरकाका, पहिली ट्रायल कधी?" काका मनावर घेत नसत. मला अजून वाटतं, घर बांधणाऱ्या प्रत्येकाने महिनाभर आधी असं खडूने खेळावं.

माझी कल्पना गवंड्याची. तो उंच, सडपातळ आणि तिरकस बोलणारा माणूस होता. "गाडीखाली आडवे पडून काम करणार? या पाठीने?" त्याने काकांना विचारलं. काकांची पाठ तेव्हाही थोडी वाकलेलीच होती. दिवसभर मशीनवर मान खाली घालून बसल्यावर दुसरं काय होणार? "खड्डा करू. पण तुमच्या उंचीचा. सरळ उभे राहा. नाही, असं नाही. सरळ!"

मला खणून, बांधून, ओल्या प्लास्टरचा हात फिरवून झाला, तेव्हा त्याने काकांना माझ्यात उतरवलं, भिंतीला पाठ लावून ताठ उभं केलं आणि त्यांच्या डोक्याच्या पातळीवर करणीच्या टोकाने एक आडवी रेघ ओढली.

"ही कशाला?" काकांनी विचारलं.

"पुरावा," गवंडी म्हणाला. "उद्या म्हणाल, गवंड्याने माप चुकवलं."

त्यानेच माझ्या तळापासून एक पाइप बाहेर काढला आणि त्याला पंखा बसवला. पेट्रोलची वाफ जड असते, मित्रांनो. ती खाली येऊन खड्ड्यात बसते आणि माणसाला कळतही नाही. आधी पंखा, मग दिवा, मग माणूस, असा नियमच त्याने घालून दिला. वर झाकायला जाड फळ्या दिल्या, पान्यांसाठी भिंतीत कोनाडा दिला. त्या गवंड्याचे उपकार मी कधी विसरणार नाही.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. दर रविवारी सकाळी फळ्या निघत, शिडी लागे आणि काका खाली उतरत. सहा दिवस मान खाली घालून बसणारा हा माणूस माझ्यात आला की मान वर करून उभा राहायचा. दोन्ही हात वर, पाठ सरळ, डोळे गाडीच्या पोटावर. पहिली पाच मिनिटं तर ते काही करतही नसत, नुसते उभे राहत आणि "आहाहा" म्हणत. बटण काठावर पालथी पडून एकेक पाना खाली देई. दहा नंबर, बारा नंबर, तिला सगळे न बघता कळायचे. मोटारींचे शौकीन लांबून मला बघायला येत. स्वतःचं गॅरेज बांधायचं असलं की माझी मापं वहीत उतरवून नेत, आणि काका प्रत्येकाला बजावत, "खोली माझी घेऊ नका. स्वतःची घ्या." माझ्यावर तेलाचे थेंब पडत, भिंती काळ्या होत. पण एवढा लाड कुठल्या खड्ड्याच्या नशिबी येतो?

वर्षं गेली. बटण मोठी झाली आणि दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर बसू लागली. काका मात्र हळूहळू बदलत होते, आणि ते वरच्या कुणाच्या लक्षात येत नव्हतं. माझ्या येत होतं. त्यांचं डोकं त्या रेघेच्या खाली जाऊ लागलं होतं. आधी बोटभर, मग चार बोटं, मग चांगली वीतभर. तेल काढायचा नट हाताला लागायचा, पण टाचा उंचावून जोर बसत नसे. काका एकदा माझ्या भिंतीकडे बघून पुटपुटले, "तू खोल झालास की काय रे?" मी काय बोलणार? मला तोंड आहे, पण वाचा नाही.

मग एका रविवारी त्यांनी एक रिकामा पत्र्याचा डबा आणला, पालथा घातला आणि त्यावर उभे राहिले. काम झाल्यावर तो कोनाड्यामागच्या अंधारात सरकवून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. पाच-सहा महिने हे असंच चाललं, आणि दर वेळी माझा जीव टांगणीला लागायचा.

शेवटी व्हायचं तेच झालं. डब्यावर तेल सांडलं होतं. काकांनी पान्याला हिसका दिला, डबा सटकला आणि काका पडले. घोटा मोडला. डबा गडगडत कोपऱ्यात गेला. बटण आणि दोन शेजारी धावत आले, त्यांनी काकांना उचलून वर काढलं. "कसे पडलात?" सगळ्यांनी विचारलं. काका म्हणाले, "शिडीवरून पाय घसरला."

काकूंनी सहा आठवडे त्यांचं प्लास्टर सांभाळलं आणि निर्णय दिला. "बास झालं. तो खड्डा बुजवून टाका. आज घोटा मोडला, उद्या मान मोडेल." काका मूग गिळून गप्प बसले. मी त्यांना दोष देत नाही. पण मला वाईट वाटलं, हे खरं. ज्याला कधी दगा दिला नाही, त्याच्याच पडण्याचा आळ माझ्यावर आला होता. फळ्या बंद झाल्या, वर चिंध्यांची पोती आणि मोडकी इस्त्री येऊन बसली. गाडी पुन्हा अंगणात ताडपत्रीखाली गेली. काकूंनी त्याच गवंड्याला निरोप धाडला, आणि एका सकाळी तो आला, दाराशी विटांच्या तुकड्यांचा ढीग पडला. माझ्यात भरायला.

भरण्याआधी पाने काढून घ्यायला बटण खाली उतरली. तिचा पाय डब्याला लागला. तिने तो उचलला. बुडाला पोचा होता, आणि त्या पोच्यावर तेलात उमटलेला काकांच्या चपलेचा ठसा. ती डब्याकडे बघत राहिली. मग भिंतीवरच्या रेघेकडे. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बघ गं बाई, तुला तरी कळू दे.

ती वर गेली. काठी टेकत आलेल्या काकांना तिने गॅरेजच्या भिंतीशी उभं केलं आणि गळ्यातली टेप काढली. "बाबा, जरा माप घेऊ द्या."

"कशाला? मला कुठे नवा शर्ट हवाय?"

तिने टाचेपासून डोक्यापर्यंत टेप धरली, आकडा वाचला, पण मोठ्याने सांगितला नाही. नुसता तो डबा त्यांच्यापुढे ठेवला.

काकांनी मान फिरवली. "काय सांगणार होतो?" ते म्हणाले. "ज्या खड्ड्याला मी माप दिलं, त्यालाच मी पुरत नाही, हे?"

"दुकानात कुणाचा कोट सैल झाला, तर तुम्ही काय करता, बाबा? जाळून टाकता?"

 काकांचे डोळे भरून आले. गवंडी खाली उतरला, टेप टाकून म्हणाला, "पाच फूट. तेव्हा होता तेवढाच. मी तेव्हाच म्हटलं होतं, पुरावा लागेल."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता मला त्यांची फार भीती वाटली, कारण इतके दिवस काळजीने पोळलेल्या त्या होत्या. त्यांनी डबा उचलला आणि अंगणाबाहेर भिरकावून दिला. मग गवंड्याकडे वळून म्हणाल्या, "ते विटांचे तुकडे आणलेत ना? त्याच्या पायऱ्या बांधा. रुंद बांधा. आणि धरायला कठडा हवा."

अशा रीतीने मला बुजवायला आलेल्या विटांनीच माझ्या पायऱ्या झाल्या. बटणने दुकानातलं कापड कापायचं जुनं टेबल मोडून माझ्या तळाला ठोकळ्यांवर फळ्या बसवल्या, बरोबर वीतभर उंच. त्यांच्यावर अजून खडूच्या खुणा आहेत. गाडी पुन्हा माझ्यावर उभी राहिली आणि काका आले. पंखा, दिवा, मग माणूस. कठडा धरून एकेक पायरी उतरले, हात वर केले, पाना लावला. नट एका झटक्यात सुटला. "आहाहा," काका म्हणाले, आणि वर काठावर काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातलं जुनं काही मोडायला, टाकायला, बुजवायला निघालात, तर आधी ते वापरणाऱ्या माणसाजवळ जा. त्याचं काय हरवलंय ते विचारा, कारण तो आपणहून सांगणार नाही. आणि काम झाल्यावर फळ्या नीट झाकून ठेवा, मी कितीही चांगला असलो तरी खड्डाच आहे.

दर रविवारी काका येतात. ते पूर्वीपेक्षा बुटके झालेत, मी पूर्वीपेक्षा उथळ झालोय. आमचं बरं जमतं.