माझं झाकण पलीकडच्या मंडळीत

मी टोप बोलतोय. दीडशे माणसांच्या बिर्याणीचा, मारतहळ्ळीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा. सध्या झाकण नाही, म्हणून तोंडाला येईल ते बोलणार.

मला यल्लव्वानं आणलं. निपाणीकडची बाई, हॉस्टेलात स्वयंपाक करून दोन मुलगे वाढवले. माझ्यावर तिनं नाव घालून घेतलं, तेही स्वतःचं नव्हे : 'प्रीतिभोजनासाठी, सर्वांना'. दर नाताळात सगळे माझ्यातलं जेवायचे आणि मला वाटायचं, यालाच धर्म म्हणतात. अडाणी होतो.

मग कोरोना आला. प्रभुभोजनाचा द्राक्षरस एकाच पेल्यातून घ्यायचा की प्रत्येकाला वेगळा छोटा पेला, यावर वाद पेटला. थोरला परसू एका पेल्याचा, धाकटा गुंडू छोट्या पेल्यांचा. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे दोघांनाही पाठ. पण भाऊ काही शेजारी राहत नव्हता, त्यामुळे अडचण आली नाही. मंडळी फुटली. वाटणीत मी परसूकडे राहिलो आणि माझं झाकण गुंडूच्या नव्या मंडळीत गेलं, दोन गल्ल्या पलीकडे. एका मुलावर दोन आया भांडल्या, तेव्हा शलमोन राजानं मूल कापायचं नुसतं म्हटलं होतं. यांनी करून दाखवलं.

तीन वर्षं यल्लव्वा एक रविवार इकडे, एक तिकडे. तिचं मागणं एकच, दोन्ही मुलं एका पंगतीत जेवावीत. त्यासाठी तीन सभा झाल्या. प्रत्येकीची सुरुवात प्रार्थनेनं झाली आणि शेवट पोलिसांना बोलावण्याच्या धमकीनं.

यंदा नाताळला ती रिक्षातून उतरली ती मांडीवर माझं झाकण घेऊन. गुंडूला न विचारता.

"आई, त्यांचं झाकण इथं नको," परसू म्हणाला.

"मग टोपावर तू बसतोस?"

तिनं झाकण ठेवलं, काठाला कणीक लावून बंद केलं, वर निखारे पसरले. पाठोपाठ गुंडू अख्खी मंडळी घेऊन हजर. "आमचं झाकण द्या!"

"सरी, बरं, देते की. दम बसू दे. स्वल्प थांब."

दम मोडायची हिंमत कुणाची होईना. आत मटण होतं. पाऊण तास दोन्ही मंडळ्या अंगणात उभ्या. आधी एकमेकांकडे पाठ करून. मग ट्रॅफिक, पाण्याचे टँकर, मुलांच्या ॲडमिशन करत करत तोंडं वळली. वास सुटला तसं परसूनं भावाला विचारलं, "गुडघा कसा आहे रे?"

जेवणाआधीची प्रार्थना कुणी करायची, यावर पुन्हा जुंपली. शेवटी दोघांनीही केली, एकापेक्षा एक लांब. भात निवला. पण यल्लव्वा दोन्ही मुलांच्या मधे बसून जेवली, आणि जेवता जेवता रडली. रिकामा होत असतानाही मला भरून आलं.

संध्याकाळी झाकण परत गेलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. निघण्याआधी गुंडू ते घासायला बसला, तेव्हा यल्लव्वा म्हणाली, "काठ नको घासू. तेवढा राहू दे."

ख्रिस्ताचा धर्म माणसं जोडतो की तोडतो, हे शिकलेल्यांना विचारा. पाऊण तास जोडल्याची वाळकी कणीक थोडी माझ्या काठावर आहे, थोडी झाकणाच्या. बाकी मला हवा तेवढा घासा, बंधूंनो. तेवढा काठ सोडा.