कड्यावरची खोली

"इथली सगळ्यात सुंदर जागा दाखवा," असं बायकोने म्हणताच ड्रायव्हरकाकांनी गाडी कड्यावरच्या एका घरापाशी नेली. खाली निळाशार समुद्र होता. ती फोटोसाठी पुढे सरकली तसे काका ओरडले, "ताई, मागे व्हा! परवापर्यंत तिथे आमचं स्वयंपाकघर होतं."

उरलेल्या एकाच खोलीत त्यांची आई खाटेवर बसली होती. खाटेखालची भेग दारापर्यंत आली होती.

"माझं ऐकत नाही. परक्यांचं तरी ऐकेल, म्हणून तुम्हाला आणलं," काका पुटपुटले.

बायकोने म्हातारीचा हात धरला. "आजी, फिरायला चला. समुद्र बघू."

"कशाला? तोच येतोय की इकडे," आजी हसल्या.

तेवढ्यात खाटेचा एक पाय भेगेत गेला. काकांनी आईला उचललं आणि आम्ही गाडीकडे पळत सुटलो. मागे वळून बघायची कुणाचीच छाती झाली नाही.